विजेच्या गाड्यांना काम : मुंबई–पुणे–इगतपुरी विद्युतीकरणाचा एक पैलू

मुंबई इलाख्यातील लोहमार्गांच्या विद्युतीकरणाची हकीगत बहुधा पहिल्या गाडीच्या तारखेपासून सुरू होते, आणि पुष्कळदा तेथेच संपतेही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर शाखेने कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी गेली व गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. पुढे १९२९ मध्ये तारा पुण्यास पोहोचल्या आणि १९३० मध्ये इगतपुरीस. या तारखा खऱ्या आहेत; परंतु त्यांच्या मालिकेत एक प्रश्न हरवून जातो, आणि आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तोच मुख्य होय. एवढे भांडवल तारांत व उपकेंद्रांत गुंतविल्यावर त्या तारांखालून धावण्यास पुरेशा गाड्या कोठून आणावयाच्या?

वाफेचे इंजिन हे एका अर्थी जंगम भांडवल आहे. एखाद्या मार्गावरील वाहतूक घटली, तर ते दुसऱ्या मार्गावर नेता येते. खांब, तारा आणि उपकेंद्रे मात्र स्थावर. त्यांच्यावरून दिवसाकाठी दहा गाड्या जावोत की शंभर, व्याज व घसारा चुकत नाही. त्यामुळे विजेची गाडी स्वस्त की महाग याचे उत्तर तिच्या इंजिनात नसून तिच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत असते. विद्युतीकरणाच्या योजना आखताना खर्चाचा अंदाज अभियंते करू शकत होते. वाहतुकीचा अंदाज हा मात्र नेहमीच काहीसा पैजेचा भाग राहिला.

मुंबई शहराच्या बाबतीत ही पैज फारशी धोक्याची नव्हती. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी १९०४ मध्ये दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या विद्युतीकरणाची कल्पना मांडली, तेव्हाही काम समोरच उभे होते. चिंचोळ्या बेटाच्या दक्षिण टोकास कचेऱ्या, गोद्या व बाजार आणि उत्तरेस वाढती वस्ती, अशा शहरात सकाळ-संध्याकाळची गर्दी कोणी निर्माण करावी लागत नाही. १९२८ च्या जानेवारीत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या कुलाबा–बोरिवली मार्गावरही वीज आली. या भागाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. येथे गाड्याच कामाला अपुऱ्या पडत आल्या आहेत.

घाटांचे गणित वेगळे होते. कर्जत ते लोणावळा या सुमारे सोळा मैलांत मार्ग १,८०० फुटांहून अधिक चढतो, आणि चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. १८६३ मध्ये भोरघाट खुला झाला तेव्हापासून खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवावी लागे. कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून शेकडो मैलांवरून, किंवा समुद्रमार्गे परदेशातून यावयाचा. विद्युतीकरणाबरोबर १९२९ मध्ये मार्गाची नवी आखणी होऊन ही उलटापालट संपली. मालगाड्यांसाठी २,६०० अश्वशक्तीची ४१ इंजिने आली. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची ती बोजड चाल व कण्हल्यासारखा आवाज पाहून लोकांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. घाट उतरताना ही इंजिने स्वतःच वीज निर्माण करून तारांत परत सोडीत. मात्र त्या विजेचा थेट उपयोग व्हावयाचा तर त्याच वेळी दुसरी गाडी चढत असावी लागे. म्हणजे या काटकसरीलाही दुसऱ्या गाडीची अट होतीच. आणखी एक विसंगती नोंदण्यासारखी आहे. खोपोली, भिवपुरी व भिरा येथे टाटांची जलविद्युत्केंद्रे घाटाच्या आसपासच उभी असता, रेल्वेने आपल्या गरजेसाठी कल्याणजवळ ठाकुर्लीस कोळशावर चालणारे वीजगृह बांधले. इंजिनातून हद्दपार केलेला कोळसा असा मागील दाराने परत आला.

खरी अडचण प्रवासी वाहतुकीची होती. मालगाड्यांची इंजिने घाटात राबत. परंतु ताशी ८५ मैल वेगासाठी बनविलेल्या जलद इंजिनांना साजेसे काम जुन्या वेळापत्रकात होते काय? लांब पल्ल्याच्या गाड्या येथून फक्त जात. त्यांची संख्या विजेमुळे वाढणार नव्हती. पुणे-मुंबई हा स्वतंत्र व वाढता प्रवास मानला, तरच या इंजिनांचे चीज होणार होते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चा विचार या संदर्भात केला पाहिजे. तिची चंदेरी व निळी अशी सात-सात डब्यांची दोन रूपे आणि पावणेतीन तासांचा प्रवास यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्यामुळे ती साहेबलोकांच्या चैनीची गाडी असा समज रूढ झाला. तो निराधार नाही. आरंभी तिला पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते, ती शनिवार-रविवारी धावे आणि पुण्याच्या घोडदौडींचा हंगाम हा तिचा मोठा आधार होता. परंतु केवळ चैनीसाठी कोणतीही रेल्वे, विशेषतः १९२५ मध्ये सरकारी व्यवस्थापनाखाली आलेली जी. आय. पी., नवी गाडी घालीत नाही. तारा आधी आल्या आणि गाडी नंतर, हा क्रम लक्षात घेतला तर ‘डेक्कन क्वीन’ ही विद्युतीकरणाची शोभा नसून त्याच्या हिशेबाची एक बाजू होती, असे म्हणणे अधिक युक्त ठरते. पुढे ती रोजची झाली, १९५५ मध्ये तिला तिसरा वर्ग जोडला गेला, आणि घोडदौडीच्या शौकिनांची जागा पासधारक नोकरदारांनी घेतली. शोधून काढलेले काम अखेर खरोखरीचे काम झाले.

पुणे व इगतपुरीच्या पलीकडे मात्र असे काम कोणास दिसले नाही. पुण्याहून दक्षिणेस मिरजेकडे जाणारा मार्ग दुसऱ्या कंपनीचा व मीटर गेजचा. पूर्वेस रायचूरकडे जाणाऱ्या मार्गावर घाटाएवढा निकडीचा चढ नाही की मुंबईएवढी गर्दी नाही. त्यात जागतिक मंदी आली. परिणामी दोन्ही टोकांस इंजिन बदलणे हा नित्याचा विधी झाला, व रेल्वेस दोन जातींची इंजिने आणि त्यांच्या शेड्स सांभाळाव्या लागल्या.

हा संयम अनाठायी नव्हता, हे समजण्यास इंग्लंडमधील शिल्डन–न्यूपोर्ट मार्गाचे उदाहरण पुरेसे आहे. याच १,५०० व्होल्टच्या पद्धतीने तेथे १९१५ मध्ये कोळशाच्या गाड्यांसाठी वीज आणली गेली. कोळशाची वाहतूक ओसरली, उपकरणे नूतनीकरणास आली, आणि १९३५ मध्ये विजेचा वापर बंद करून वाफेची इंजिने पुन्हा जुंपली गेली. दहाही विद्युत् इंजिने अडगळीत पडली. चढाव तेथे तोच होता. काम उरले नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत स्वीकारली, तेव्हा तिचा प्रारंभ पूर्वेकडील राजखर्सावान–डांगोआपोसीसारख्या मार्गांवर झाला; पोलाद कारखान्यांचे खनिज व कोळसा तेथे वाहून नेण्याची वाट पाहत होते. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे तारा गेल्या त्या १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याही नव्या पद्धतीच्या. त्यामुळे दोन्ही बाजूंस वीज असूनही इगतपुरीस इंजिन बदलावेच लागे. पुणे तर ऐंशीहून अधिक वर्षे तारांचे टोकच राहिले. मुंबईतील जुनी पद्धत हार्बर शाखेवर सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये, बंद झाली. खेकड्यांना उतारवयात डबे इकडून तिकडे हलविण्याचे, शंटिंगचे काम मिळाले. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव धारण करणारे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे.