धंभिक गावाचे दार

नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर उभा आहे. शिलालेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. लोकांच्या तोंडी मात्र ‘पांडवलेणी’ हेच नाव बसले आहे. या डोंगरावरील अठराव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे येथील एकमेव चैत्यगृह. त्याच्या दाराच्या कमानीवर तीन शब्दांचा एक लेख कोरलेला आहे : ‘नासिककनं धंभिकगामस दानं’. नाशिककरांपैकी धंभिक गावाचे दान, एवढाच त्याचा अर्थ. राजाचे नाव नाही, शासनवर्ष नाही, पुण्याची वाटणी नाही. दान देणारा कोणी एक मनुष्य नसून गाव आहे.

लेण्यांच्या इतिहासाची पुस्तके उघडली की प्रथम सातवाहन आणि क्षहरात यांच्या लढायांचे वर्णन येते. ते स्वाभाविकही आहे, कारण महाराष्ट्राच्या प्राचीन राजकीय इतिहासाचा फार मोठा आधार नाशिकच्याच भिंतींवर कोरलेला आहे. परंतु या धावपळीत धंभिक गावाच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते. आम्हाला वाटते, बौद्ध वाचकाने आपले वाचन या ओळीपासून सुरू करावे.

या चैत्यगृहाचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. दर्शनी भागावर चैत्यकमानीची मोठी खिडकी, तिच्याभोवती वेदिकापट्ट्यांचे नाजूक काम आणि खाली दाराची अर्धवर्तुळाकार कमान आहे. कमानीच्या आतील भागात लाकडी जाळीची नक्कल दगडात केली असून तिच्या घरांतून प्राणी व बौद्ध चिन्हे दिसतात. दाराच्या बाजूला हातात फूल घेतलेला यक्ष उभा आहे. कमानीचे काम गावाच्या दानातून झाले. आतील खांबांवरचा लेख मात्र वेगळ्याच दात्रीचा आहे. महाहकुसिरीची नात भटपालिका, राजअमात्याची पत्नी, हिने तिरण्हु पर्वतावरील हे चैत्यगृह पूर्णत्वास नेले, असे तो सांगतो. एका वास्तूचे दार गावाने दिले आणि तिचा शेवट एका स्त्रीने केला. ‘हे कोणाचे?’ असा प्रश्न विचारला, तर एका नावाने उत्तर देता येत नाही.

पाली साहित्याकडे वळले म्हणजे या रचनेमागील विचार उलगडतो. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात राजगृहाच्या श्रेष्ठीची हकीकत आहे. भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात राहतात हे पाहून त्याने एका दिवसात साठ विहार बांधविले. ते कोणाला द्यावेत, असे विचारल्यावर भगवंतांनी सांगितले की आलेल्या आणि यावयाच्या, चारही दिशांच्या संघाला दे. ‘चातुद्दिस संघ’ हा शब्द तेथून निघतो आणि काही शतकांनी त्रिरश्मीच्या लेखांत ‘चातुदिस’ या रूपाने पुन्हा पुन्हा भेटतो. दान देणाऱ्याने मालकी सोडावयाची आणि घेणाऱ्याने ती धरावयाची नाही. जो अजून आला नाही, त्याचाही या जागेवर हक्क आहे. सार्वजनिक या शब्दाला याहून नेमका अर्थ देणे अवघड आहे.

त्याच खन्धकात कलेविषयीचा नियम येतो. काही भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढविली, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. भगवंतांनी तशी चित्रे वर्ज्य केली, पण मालाकम्म, लताकम्म, मकरदंतक ही नक्षी चालेल असे सांगितले. भिंतीवर काय असावे याचा विचार, ती पाहणाऱ्याच्या मनात काय जागे होते यावरून केलेला आहे. बौद्ध कलेला प्रारंभी सौंदर्याचे वावडे होते, असा एक समज आमच्याही काही मित्रांत आहे. तो या एका प्रकरणाने दूर व्हावा.

आणखी एक कथा येथे सांगावीशी वाटते. कालिङ्गबोधि जातकाच्या प्रास्ताविकात असे येते की भगवान चारिकेला गेले असता श्रावस्तीचे लोक हार-फुले घेऊन जेतवनात येत आणि वंदनेचे दुसरे स्थान न मिळाल्यामुळे ती गंधकुटीच्या दारात ठेवून जात. ही अडचण अनाथपिंडिकाच्या ध्यानात आली. आनंद स्थविरांनी भगवंतांना विचारले, ‘चेतिय किती प्रकारचे?’ उत्तर मिळाले, तीन प्रकारचे : सारीरिक, पारिभोगिक आणि उद्देसिक. शरीरधातूंचे चेतिय परिनिर्वाणानंतरच शक्य. उद्देसिक म्हणजे निर्देशाने मानलेले, त्याला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून. बोधिवृक्ष मात्र बुद्ध हयात असतानाही चेतिय होय. मग बोधगयेहून बीज आणून जेतवनाच्या दाराशी ते लावण्यात आले. लोकांना फुले ठेवण्यास जागा हवी, या साध्या गरजेतून एक चेतिय उभे राहिले, हे या कथेचे मर्म आहे.

आता त्रिरश्मीच्या इतर दात्यांकडे पाहू. आठव्या लेण्यातील लेखानुसार ते मुगुदास नावाच्या ‘दासका’ने सपरिवार दिले. ‘दासक’ म्हणजे कोळी, मासेमारी करणारा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. त्याच लेण्यातील भिक्खूच्या चीवरासाठी बोधिगुप्त उपासकाचा मुलगा धमनंदी याने कण्हहिनी येथील शेत दिले. सहाव्या लेण्यात वीर नावाचा व्यापारी आहे. चार खोल्यांचे लेणे त्याचे, एक खोली पत्नी नंदसिरीची आणि एक मुलगी पुरिसदता हिची. मुलीचे दान वेगळे मोजलेले आहे, हे लक्षात ठेवावे. सतरावे लेणे उत्तरेकडील दातामिती नगरातून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे आहे. कोळी, वाणी, त्याची लेक, परदेशातून आलेला यवन आणि एक अख्खे गाव : एकाच डोंगराने या सर्वांना जागा दिली.

श्रेणींचा उल्लेखही आवश्यक आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ४२व्या वर्षी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे अक्षय ठेव म्हणून ठेवल्याचे लिहिले आहे. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण या व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहा : दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे २४०. एक कार्षापण इकडे-तिकडे नाही. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला, फलकावर नोंदविला, असे लेखच सांगतो. मूळ रक्कम राजजामाताची खरी, पण तिच्यावर वर्षानुवर्षे व्याज भरून भिक्खूंना वस्त्र पुरविणारे हात विणकरांचे होते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अशाच ठेवी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेविल्या.

येथवर चित्र सुखद आहे. परंतु इतिहास लिहिताना आपल्याला आवडते तेवढेच उचलणे हे पाली अभ्यासकाला शोभत नाही. तिसरे लेणे पाहा. गौतमी बलश्रीने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षी ते भद्रायणीय भिक्खूंना दिले. त्याच्या दर्शनी भागाखाली सहा धष्टपुष्ट आकृती खांद्यावर तुळया घेऊन सारे लेणे तोलून धरतात. आमच्या मते महाराष्ट्रातील भारवाहकांचे याहून जिवंत शिल्प विरळा. आणि याच लेण्यातील प्रशस्तीत बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव ‘विनिवतित-चातुवण-संकर’ या शब्दांनी करते. ज्याने चार वर्णांची सरमिसळ थांबविली, असा तो राजा! भिक्खुसंघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णव्यवस्थेच्या रक्षणाचे कौतुक कोरलेले आहे, हे वाचून आमच्या अनेक विद्यार्थ्यांना धक्का बसतो. बसावयासच हवा.

काही जण म्हणतात, राजाश्रयाचे दान घेताना संघाने हे चालवून घेतले. काही म्हणतात, प्रशस्तीची भाषा ही दरबारी शिरस्त्याची असते, तिचा फार अर्थ लावू नये. आम्हाला दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. शब्द दगडात आहे, तो शिरस्ता म्हणून पुसता येत नाही. पण त्याच डोंगरावर ‘चातुवण’ हा शब्द राजाच्या स्तुतीत येतो आणि ‘चातुदिस’ हा शब्द दानाच्या वचनात येतो, हेही तितकेच खरे. एका शब्दात माणसे वेगळी ठेवण्याचा अभिमान आहे, दुसऱ्यात कोणत्याही दिशेने येणाऱ्यासाठी दार उघडे आहे. मुगुदास कोळ्याचे लेणे आणि बलश्रीचे लेणे यांत काही पावलांचेच अंतर आहे. हा संघर्ष तेव्हाही मिटलेला नव्हता.

या वास्तूंत वंदना कशी होत असेल? चैत्यगृहात स्तूपाभोवती खांबांमागून प्रदक्षिणेची वाट आहे. मूर्ती नाही, चेहरा नाही. उपासक फिरतो तसा खांबांमधून प्रकाश बदलतो आणि मन एका आकाराभोवती स्थिर होते. विहारांतही हीच सोय केलेली आढळते. तिसऱ्या व दहाव्या लेण्यात मागील भिंतीवर स्तूप अर्धउठावात कोरला होता, म्हणजे राहण्याच्या जागेतच चिंतनाचे स्थान. पुढे काळ बदलला. विसावे लेणे बोपकी नावाच्या तपस्व्याने सुरू केले. ते बरीच वर्षे अपुरे राहिले आणि यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासु हिने ते पुरे केले. नंतरच्या शतकांत याच लेण्याच्या मागील भागात भव्य बुद्धमूर्ती कोरली गेली. स्तूपाकडून मूर्तीकडे झालेला हा प्रवास एका लेण्यात पाहता येतो.

दहाव्या लेण्यातील स्तूपाचे मात्र वेगळेच झाले. कोणे एके काळी तो तासून त्यातून भैरवाची आकृती काढण्यात आली. चेतिय गेले आणि त्याच दगडात दुसरी देवता बसली. ‘पांडवलेणी’ हे नावही याच विस्मृतीचे अपत्य होय. १८२३ साली कॅप्टन डेलामेन याने या लेण्यांचे वर्णन केले आणि त्यानंतर लेख वाचले गेले, तेव्हा कुठे धंभिक गावाला पुन्हा वाचा मिळाली.

दार या गोष्टीला नाशिकमध्ये दुसराही इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे लढविला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. पंचवटीतील त्या बंद दारासमोर माणसे उन्हात उभी होती, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, गावाने वर्गणी करून दिलेले एक दार दोन हजार वर्षे उघडेच होते. ते आपले आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक असावे.

आज परिस्थिती पालटली आहे. डोंगराच्या पायथ्याशी महानगरपालिकेने उभारलेले बुद्ध स्मारक आहे. मे २०२१ मध्ये साफसफाई करताना आणखी लेणी उजेडात आली. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी स्मारकाच्या परिसरात लावण्यात आली. जेतवनाच्या दाराशी लावलेल्या रोपाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रोपाचे स्थान समजावून सांगावे लागत नाही.

वंदनेच्या पद्धतीविषयी मात्र आम्हाला बोलले पाहिजे. बुद्धपौर्णिमेला वा विजयादशमीला पायऱ्या चढून आलेली माणसे आत मेणबत्त्या, अगरबत्त्या लावतात. काजळी दगडात मुरते आणि अक्षरांच्या खाचा भरतात. तरुण मुले आपली नावे भिंतीवर ओरखडतात, त्यांत आपली मुलेही असतात. पुरातत्त्व खात्याने दिवे लावण्यास आडकाठी केली की आपल्याच जागेत आपल्याला वंदना करू देत नाहीत, अशी तक्रार होते. या तक्रारीमागील जखम आम्ही समजू शकतो. ज्याला शतकानुशतके दारातून परत पाठविले, त्याला प्रत्येक ‘नको’मध्ये जुनाच आवाज ऐकू येतो. तरीही काजळीने झाकलेला लेख हा मुगुदासाचा असतो, राजाचा नव्हे. राजाचे लेख खोल आणि मोठे कोरलेले आहेत, ते टिकतील. दिवा पायथ्याच्या स्मारकात लावावा. वर चैत्यगृहात त्रिशरण-पंचशील म्हणावे, स्तूपाला प्रदक्षिणा घालावी, थोडा वेळ शांत बसावे आणि उठताना एकाने दाराच्या कमानीवरील लेख मोठ्याने वाचावा. लेखवाचन हा वंदनेचाच भाग का असू नये? निगमसभेत दान वाचून दाखविण्याची रीत तर याच डोंगरावर नोंदलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील उपासिकांसह आम्ही तेथे गेलो होतो. वंदना झाल्यावर ते तीन शब्द वाचून अर्थ सांगितला. एका वयस्क उपासिकेने विचारले, “सर, मग गावातल्या माणसांची नावं कुठं हायत?” आम्ही म्हणालो, “नाहीत आजी, गावाचेच नाव आहे.” तेव्हा बाकीच्या हसल्या. त्यांच्या नव्या विहारात वर्गणीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवावयाची होती आणि कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरून समितीत दोन महिने वाद चालू होता, असे मग कळले. पाचशे एक देणारे आणि एकावन्न देणारे, दोघांचेही म्हणणे होते की विहार त्यांचा.

पुढल्या वर्षी प्रवचनानिमित्त त्या विहारात जाणे झाले. दाराशी पाटी बसलेली होती. तिच्यावर वस्तीचे नाव आणि साल, एवढेच कोरलेले होते.