पाळीव कुत्री नको असताना गाभण राहू नये म्हणून: माजाचे दिवस कसे सांभाळावेत?

सिरसाळ्यातला माझा दवाखाना माणसांचा आहे. तरीही अधूनमधून एखादा रुग्ण तपासून झाल्यावर दारापाशी थांबतो आणि हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, आमच्या कुत्रीला शेजारचं कुत्रं लागलं. ती बहात्तर तासांची गोळी दिली तर चालेल का?" चालत नाही. का चालत नाही ते पुढे सांगतो. पण या प्रश्नाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो, म्हणून आधी त्याबद्दल.

कुत्रीचे रक्त म्हणजे बाईची पाळी नव्हे

बाईला पाळी येते ती गर्भ न राहिल्यामुळे. गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि रक्त जाते. बीज त्याच्या बरेच आधी बाहेर पडून गेलेले असते. कुत्रीमध्ये क्रम उलटा आहे. तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले म्हणजे बीज बाहेर पडण्याची तयारी सुरू झाली.

माज, म्हणजे काही जण ज्याला हीट म्हणतात तो, साधारण तीन आठवडे चालतो. पहिले सुमारे नऊ दिवस योनीमार्गाची जागा सुजलेली दिसते आणि रक्ताचे थेंब पडतात. या काळात नर मागे लागतात, पण मादी गुरगुरून त्यांना हाकलते. मग रक्त फिकट, पाण्यासारखे होते, कधी थांबतेच. मादी शेपूट बाजूला करून उभी राहू लागते आणि नराला जवळ येऊ देते. गर्भ राहण्याचे दिवस हेच, तेही साधारण नऊ. आणि नेमके याच वेळी घरचे म्हणतात, "रक्त थांबलं, आता सोडा मोकळी." दहा-बारा दिवस नीट बांधून ठेवलेली कुत्री शेवटी गाभण राहते ती यामुळे.

हे दिवस प्रत्येक मादीत कमी-जास्त होतात. काहींना शेवटपर्यंत लाल रक्त जाते, काही इतक्या स्वच्छतेने चाटून घेतात की घरच्यांना थेंबही दिसत नाही. म्हणून रंगावर भरवसा नको. पहिला थेंब दिसला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून पूर्ण चार आठवडे मोजा. नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात आठवडाभर जिवंत राहू शकतात, त्यामुळे "त्या दिवशी ती तयार नव्हती" हाही दिलासा खरा नाही.

"अजून पिल्लूच आहे"

आपल्याकडचे नेहमीचे चित्र असे. दोन शेजारी एकाच हंगामात पिल्ले आणतात, एकाकडे नर, दुसऱ्याकडे मादी. मधली भिंत कमरेएवढी. दिवसभर दोघे एकत्र खेळतात, लेकरेही त्यांच्यात. सात-आठ महिन्यांनी एक दिवस दोघे अडकलेले दिसतात आणि दोन्ही घरांत वाद सुरू होतो.

मादी सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते; मोठ्या जातीच्या माद्यांना दीड-दोन वर्षेही लागतात. नरही सहा-आठ महिन्यांत बाप होण्याइतका वयात येतो. दोघे एकाच वेतातले बहीण-भाऊ असले तरी फरक पडत नाही. नाते पाहून कुत्री थांबत नाहीत. पहिल्याच माजात गाभण राहिलेल्या मादीची स्वतःची वाढ पुरती झालेली नसते. तिला विताना अडचण येऊ शकते आणि पिल्लांकडे ती नीट पाहीलच असे नाही.

गावठी कुत्री बहुधा भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात, म्हणून रस्त्यावरची पिल्ले थंडीच्या तोंडावर दिसतात. आपल्या भागात त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही कुत्री टोळीबरोबर जातात, काही बंद घराच्या दारात राहतात आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी नसते. घरात पाळलेली मादी मात्र साधारण दर सहा-सात महिन्यांनी, कोणत्याही ऋतूत माजावर येऊ शकते. तिच्या बाबतीत भाद्रपदाची वाट पाहू नका.

चार आठवडे काय करायचे

शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. यात संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण गाय माजावर आली की आपण गावभर सांगतो, मग कुत्रीचेच काय? शक्य असेल तर नरालाच महिनाभर शेतातल्या आखाड्यावर किंवा पाहुण्यांकडे हलवणे सोपे पडते. माजावरच्या मादीचा वास नराला लांबून येतो आणि तो जेवण सोडून भिंती चढतो. एका घरात नर-मादी दोन्ही असतील तर वेगळी खोली पुरत नाही, मध्ये दोन दारे हवीत.

मादीला अंगणात बांधून ठेवणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. ती बांधलेली असते, येणारा नर मोकळा असतो. जाळीच्या किंवा ग्रिलच्या आडूनही संयोग होऊ शकतो. चड्डी किंवा डायपरने फरशी स्वच्छ राहते, गर्भ टळत नाही. तिला आत ठेवा, बाहेर नेताना साखळी मोठ्या माणसाच्या हातात द्या, लेकरांच्या हातात नको. भटक्या कुत्र्यांचा घोळका मागे लागला तर लेकरू साखळी सोडून पळते किंवा चावा घेऊन येते.

अडकलेली दिसली तर

ओढू नका, काठी मारू नका, पाणी ओतू नका. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेला भाग आत फुगतो, म्हणून ते अडकतात. सूज उतरली की, साधारण पाच ते तीस मिनिटांत, आपोआप सुटतात. जबरदस्तीने ओढल्यास दोघांनाही इजा होते, आणि सोडवायला गेलेला माणूस चावून घेऊन माझ्याकडे येतो. शिवाय शुक्रजंतू बहुतांशी सुरुवातीलाच आत गेलेले असतात, त्यामुळे ओढाताण करून गर्भ टळत नाही.

आता त्या गोळीविषयी. माणसांची गर्भनिरोधक गोळी कुत्रीचा गर्भ रोखत नाही, कारण तिचे चक्रच वेगळे आहे. काही ठिकाणी माज थांबवणारी हार्मोनची इंजेक्शने सर्रास दिली जातात. त्यांनी गर्भाशयात पू होणे, स्तनांत गाठी होणे असे त्रास होऊ शकतात. गर्भ टाळण्यासाठी पूर्वी दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शने तर अस्थिमज्जेवरही घातक परिणाम करू शकतात. मेडिकलमधून मिळणारे प्रेग्नन्सी किटही उपयोगाचे नाही. ते ज्या हार्मोनवर चालते ते कुत्रीत तयारच होत नाही. संयोगाची तारीख लिहून ठेवा आणि पशुवैद्यांकडे न्या. साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गर्भ दिसतो. पिल्ले नकोच असतील तर लवकर शस्त्रक्रिया करता येते, औषधांचा पर्यायही असतो, पण तो निर्णय त्यांचा. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो, तेव्हा ठरवायला फार वेळ नसतो. माजानंतर दीड-दोन महिन्यांनी संयोग न होताही दूध येऊ शकते, त्याने घाबरून जाऊ नका.

कायमचा उपाय

नसबंदी. मादीची शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांपासून करता येते; मोठ्या जातींत केव्हा करायची ते पशुवैद्य सांगतील. माज चालू असताना त्या भागातला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून बहुधा माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात. "एकदा तरी विऊ द्यावं" या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट लवकर नसबंदी केलेल्या मादीला स्तनांच्या गाठी कमी होतात आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळपास संपतो. नराच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक असतात. त्याला सहा आठवडे मादीपासून दूर ठेवा. भटक्या कुत्र्यांशी संयोगातून जननेंद्रियावर संसर्गजन्य गाठ होण्याचा आजारही पसरतो. रक्ताळलेली, फुलकोबीसारखी गाठ दिसली की दाखवा.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. तिथे सोय नसेल तर आपल्याला जवळ परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशन ही मालकाची जबाबदारी आहे. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून परळी रस्त्याला सोडून येणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पिल्ले झालीच, तर तीन महिन्यांची होताच त्यांना रेबीजची लस द्या, पुढचा डोस पशुवैद्य सांगतील तेव्हा आणि त्यानंतर दरवर्षी. तोवर ती लेकरांच्या हातात सतत असतात, आणि पिल्लाचा दात लागला तर कोणी मनावर घेत नाही. लस न झालेल्या पिल्लाचा चावा किंवा रक्त आलेला ओरखडा हाही चावाच धरायचा. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.