हाताआडचा दिवा : चित्रातला आभास आणि हरवणारं नाव

नागपुरातून होणाऱ्या या व्याख्यानमालेत आज आपण एका चित्राविषयी बोलणार आहोत. ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असणार. साडी नेसलेली एक तरुणी, हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड धरलेला. ज्योत झाकलेली आहे, पण बोटांच्या कडा तांबूस उजळल्यात आणि उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर पडलाय. घरी ऐकत असाल तर हे चित्र मोबाइलवर उघडून समोर ठेवा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

आता प्रश्न असा, की हे चित्र कुणाचं? दहा जणांना विचारलं तर त्यांतले बरेच जण 'राजा रविवर्मा' म्हणतील. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र १९४५-४६ चं, म्हणजे मधे चाळीस वर्षं गेली. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप', चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आणि मूळ चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात. चित्रातली तरुणी हळदणकरांची मुलगी. दिवाळीत तिच्या हातातला दिवा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आणि चित्रकार मात्र कुणाच्या लक्षात नाही, असं का व्हावं? याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं फ्रान्सला जाऊन यावं लागेल. कारण डोळ्याला फसवणारी चित्रं आणि घरगुती प्रसंगांची चित्रं, या दोन्हींची तिथे मोठी परंपरा आहे.

पहिला मुक्काम पॅरिसचा. लुई-लेओपोल्द ब्वाली (१७६१-१८४५) हा राज्यक्रांतीच्या धामधुमीत वावरलेला चित्रकार. रस्ते, दुकानं, दिवाणखाने, गप्पा मारणारी माणसं हे त्याचे विषय. त्याची दुसरी हौस म्हणजे फसवी चित्रं. १८०० सालच्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्यानं आपल्या एका चित्राला 'त्राँप-लय' असं नाव दिलं. अर्थ सरळ आहे : 'डोळ्याला चकवणारं'. हा शब्द कलेत रूढ झाला तो तिथून. लंडनच्या नॅशनल गॅलरीत खिडकीत बसलेल्या मुलीचं त्याचं एक चित्र आहे. आहे तेलरंगातलं, पण पाहताना वाटतं की काळ्या-पांढऱ्या शाईतलं छापील चित्रच कुणी कागदावर चिकटवून ठेवलंय. इथे गंमत काय होते बघा. आपण फसतो, मग फसलो हे कळतं, आणि लगेच आपण विचारतो, 'हे केलं कुणी?' म्हणजे ब्वालीचा चकवा चित्रकाराकडे बोट दाखवतो.

दुसरा मुक्काम त्याच्याही आधीचा. जाँ-सिमेआँ शार्दँ (१६९९-१७७९) यानं स्वयंपाकघरातली भांडी, साबणाचे फुगे उडवणारा मुलगा, घरकामात गुंतलेल्या बायका रंगवल्या. त्याच्या चित्रांविषयी दिदरो या विचारवंतानं मोठी नेमकी गोष्ट नोंदवली आहे. जवळ गेलं की सगळं पुसट होतं, विरतं. मागे सरकलं की वस्तू पुन्हा उभी राहते. म्हणजे आभास रंगात नसतो, कागदातही नसतो. रंग आणि आपला डोळा यांच्या मधल्या अंतरात तो घडतो.

तिसरा मुक्काम आपल्या दिव्याच्या सगळ्यात जवळचा. जॉर्ज द ला तूर (१५९३-१६५२), लॉरेन प्रांतातला. त्याचं 'सुतार जोसेफ' हे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. विषय बायबलमधला, पण दिसतं काय? रात्रीची वेळ, काम करणारा म्हातारा सुतार, आणि मेणबत्ती धरलेला मुलगा. मुलानं ज्योतीच्या आड हात धरलाय आणि बोटांमधून उजेड पाझरतोय. हळदणकरांनी हे चित्र पाहिलं होतं, असा दावा आपण करत नाही. त्याची गरजही नाही. वाऱ्यापासून दिवा सांभाळणारा हात जगात सगळीकडे सारखाच.

आता युक्ती काय ते पाहू. कागद कितीही पांढरा असला तरी तो ज्योतीइतका प्रखर होऊच शकत नाही. मग चित्रकार बाकी सगळं खाली उतरवतो. भोवतीचा अंधार गडद करतो, मधले रंग दबते ठेवतो, म्हणजे उरलेला थोडासा उजळ भाग पेटल्यासारखा वाटतो. त्यात ज्योतच हाताआड गेली की काम आणखी साधतं. डोळा तिची थेट परीक्षा घेऊ शकत नाही. चेहऱ्यावरचा उजेड पाहून ज्योत किती तेजस्वी असेल, ते तो स्वतःच ठरवतो.

आणि हळदणकरांनी हे केलं जलरंगात! तेलरंगात अंधार आधी रंगवून उजेड शेवटी वर ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात उलटं चालतं. तिथे उजेड म्हणजे खालचा कागद. तो सुरुवातीपासून राखून ठेवावा लागतो आणि अंधार त्याच्या भोवतीनं चढवत न्यावा लागतो. एक ओघळ चुकीच्या जागी गेला की तो पूर्ववत करणं फार कठीण. म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचं तेज चित्रकारानं 'लावलेलं' नाही, 'वाचवलेलं' आहे.

हा हात असा तयार झाला कुठे? हळदणकर १८८२ साली सावंतवाडीला जन्मले. १९०३ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. सेसिल बर्न्स आणि महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांचे शिक्षक. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत भाग घेतला. १९६८ मध्ये ते वारले. ही साठ-पासष्ट वर्षांची कारकीर्द आहे, एका दिव्यापुरती नाही.

मग नाव का हरवलं? आम्हाला याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण छापखान्यातलं. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांची चित्रं घराघरांत गेली. तेव्हापासून 'अगदी खरं वाटतं' म्हणजे 'रविवर्मा' असं समीकरणच झालं. पुढे जे जे जिवंत दिसलं, ते ते त्यांच्या खाती जमा झालं.

दुसरं कारण काळाचं, आणि इथे नागपूर येतं. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ आपल्या नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबईला गेले. हळदणकर हा दिवा रंगवत होते, तेव्हा तरुण रझा त्याच मुंबईत जलरंगातच शहर रंगवत होते. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा या मंडळींचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला आणि १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. नव्या पिढीला हुबेहूब दाखवण्यात रस नव्हता. ते त्यांच्या जागी योग्यच होतं, नाहीतर रझांचा 'बिंदू' आपल्याला मिळाला नसता. पण त्या ओघात इतिहास लिहिणाऱ्यांनी आधीच्या कौशल्याला 'नुसती नक्कल' म्हणून बाजूला सारलं. लोकांनी चित्र जपलं, नाव सोडलं. अभ्यासकांनी तर दोन्ही सोडलं.

ला तूरचंही असंच झालं होतं. मृत्यूनंतर तो विसरला गेला, त्याची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर गेली. १९१५ मध्ये हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकानं काही चित्रं त्याची म्हणून ओळखली आणि १९३४ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनानं तो लोकांसमोर आला. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं लागली. एका माणसानं जवळ जाऊन नीट पाहिलं, म्हणून हे झालं.

आमचं म्हणणं एवढंच. ब्वालीचा चकवा आपल्याला चित्रकाराची आठवण करून देतो, हळदणकरांचा आभास चित्रकाराला विसरायला लावतो. आपण दिवा पाहतो, मुलगी पाहते तिकडे पाहतो, आणि कागद आठवतच नाही. ही त्यांची सिद्धी आणि तिची किंमतही तीच. ती किंमत कमी करणं मात्र आपल्या हातात आहे. हे चित्र दिवाळीच्या शुभेच्छांत, कॅलेंडरवर, कुणाच्या बैठकीच्या खोलीत पुन्हा भेटेल. तेव्हा खाली 'रविवर्मा' लिहिलेलं दिसलं तर खोडून 'हळदणकर' लिहा. आणि आपापल्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातली, सही पुसट झालेली चित्रं असतील, तर रद्दीत जाण्याआधी एकदा भिंग घेऊन कोपरे तपासा.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.