समावेशक भाषा : शाळा आणि गावव्यवहार

जात, धर्म, लिंग, अपंगत्व, बोली किंवा वैवाहिक स्थिती यांवरून कोणालाही कमी न लेखता प्रत्येकाला बरोबरीची जागा देणारा भाषाव्यवहार, म्हणजे समावेशक भाषा. अपशब्द टाळणे हा तिचा लहानसा भाग झाला. वस्तीचे नाव, हजेरीपट, दाखल्यावरचा रकाना, ग्रामसभेची नोटीस, पाठ्यपुस्तकातले चित्र आणि गल्लीतून मारलेली हाक, हे सगळे तिच्यात येते. बुलढाणा तालुक्यातले धाड हे गाव वऱ्हाडच्या कडेला, मराठवाड्याच्या हद्दीलगत आहे. तिथे वऱ्हाडी मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा घरांत बोलल्या जातात. अशा गावात कोण कोणाला कसे संबोधतो, यावर गावकी आणि शाळा दोन्ही कशा चालतात हे बरेचसे अवलंबून असते.

या विचाराला वऱ्हाडात जुना आधार आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मेहकर, लोणार या परिसरात वावरले आणि त्यांनी आपले तत्त्वज्ञान लोकांच्या बोलीत सांगितले. पंथातल्या विद्वान केशोबासांनी संस्कृतात रचना करू नये, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ती उमगणार नाही, अशी चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात नोंदली आहे. ज्ञान कोणापर्यंत पोहोचायचे हे भाषेच्या निवडीवरच ठरते, ही जाण इतकी जुनी आहे.

आधुनिक महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण वस्त्यांच्या नावांचे आहे. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचवले होते. या यादीतल्या ‘बौद्धवाडा’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर लोकांनी अभिमानाने घेतलेली ही ओळख होती. पण उरलेले गाव त्या शब्दाने जुनीच वेस दाखवत राहिले, आणि मानाने घेतलेले नावही पुन्हा जातीची खूण होऊन बसले. वेशीवरची पाटी एका दिवसात बदलता येते. पत्ता विचारणाऱ्याला वाट दाखवताना जोवर जुनेच नाव तोंडात येते, तोवर पोराला शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना चोरटे वाटणारच. गावच्या तोंडातले नाव बदलण्याची जबाबदारी त्या वस्तीवर टाकता येत नाही, ती बाकीच्या गावाची आहे.

नवा शब्द कोण ठरवतो, यावर तो टिकणे अवलंबून असते. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे, असा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. त्यावर चोहोबाजूंनी टीका झाली, आणि ती रास्त होती. नवरा गेल्याची खूण नावापुढे लावायचीच कशाला, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनाने त्याचा कित्ता इतर गावांनी गिरवावा, असे परिपत्रक काढले. हेरवाडने वागणे बदलायला घेतले, म्हणून त्या ठरावाला वजन आले. ‘दिव्यांग’ या शब्दाबाबतही अपंग चळवळीतील अनेकांनी नाराजी कळवली होती. अंगात दैवी काही नको, पायऱ्यांशेजारी उतार हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. महाराष्ट्रात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि हा शब्द आता कार्यालयांत रुळला आहे. वर्गात मात्र ‘लंगड्या’, ‘तोतऱ्या’ अशा हाका कानावर येतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. शिक्षकाने मुलाला अशा नावाने हाक मारली तर त्या हाकेकडे याच कलमाच्या अंगाने पाहायला हवे.

शाळेतला सर्वांत नाजूक प्रश्न बोलीचा. वऱ्हाडी पोर ‘मला’ला ‘मले’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’, ‘का’ला ‘काहून’, शेताला वावर. पहिलीत आल्यावर त्याच्या पाटीवरच्या ‘डोया’वर काट मारली, की ते पोर शब्द सुधारण्याआधी गप्प बसायला शिकते. मायच्या तोंडचे बोलणेच चुकीचे, असा त्याचा अर्थ त्याला लागतो. चांगले गुरुजी दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितात, घरी हे म्हणतो आणि पुस्तकात हे, असे सांगून वर्गाकडूनच आणखी शब्द काढून घेतात. मग पोरे एकमेकांना शब्द पुरवू लागतात, आणि मराठवाड्याकडच्या घरातले एखादे पोर स्वतःचा वेगळा शब्द घेऊन पुढे येते. प्रमाण मराठी यायलाच हवी, तिच्याशिवाय पुढच्या वाटा उघडत नाहीत. पण ती पोराच्या बोलीवर उभी राहिली तर पक्की बसते.

पाठ्यपुस्तकांत बदल होत आहेत. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुषही दाखवले. बदल नोंदींतही झाला : 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले शाळेत येतील तेव्हा रोजच्या हजेरीत आईचे नाव ऐकू येईल.

पालकांचा सहभागही भाषेवर ठरतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बैठकीची नोटीस सरकारी मराठीत फळ्यावर लागली, की सह्या होतात, चर्चा होत नाही. तीच नोटीस साध्या बोलीत, आणि उर्दू बोलणाऱ्या घरांसाठी उर्दूतही गेली, तर अम्मीही येते, मायही येते आणि पोषण आहारापासून मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत प्रश्न विचारते.

बुलढाणा जिल्ह्याच्याच उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही भाषा बोलणारी कुटुंबे आहेत. तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्विवादपणे जुळलेले नाही आणि बोलणारे जेमतेम काही हजार आहेत. मुलाला शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते. निहाली मुलाला शाळेत पहिल्याच दिवशी परकी भाषा भेटते. त्याच्या भाषेतले शब्द येणारा माणूस वर्गात असणे, ही या जिल्ह्यातील समावेशक भाषेची सर्वांत निकडीची गरज आहे.