गृहस्वच्छता व्यवसायातील कामगार-नुकसानभरपाई विमा

गृहस्वच्छता व्यवसायातील कामगार-नुकसानभरपाई विमा : राहत्या घरांची झाडलोट, फरशी पुसणे, स्वयंपाकघर व स्नानगृह यांची सफाई इ. कामे मोबदला घेऊन करून देणाऱ्या व्यवसायसंस्थांतील कामगारांसाठी मालकाने उतरविलेला विमा. कामामुळे व कामाच्या ओघात अपघात झाल्यास अथवा व्यावसायिक रोग जडल्यास त्यातून कामगाराला वैद्यकीय खर्च, बुडालेल्या वेतनाचा काही भाग व अपंगत्वाबद्दल भरपाई मिळते. मृत्यू ओढवल्यास अवलंबितांना साहाय्य मिळते. हा विमाप्रकार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) विकसित झाला. कारखान्यातील कामगाराला लाभलेले संरक्षण घरकाम करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास फार विलंब लागला, हे त्याच्या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश रूढ विधीनुसार जखमी कामगाराला मालकाविरुद्ध दावा जिंकणे जवळजवळ अशक्य होते. 'प्रीस्टली विरुद्ध फाउलर' (१८३७) या खटल्यात अतिभारामुळे गाडी मोडून मांडीचे हाड मोडलेल्या एका खाटकाच्या नोकराचा दावा फेटाळण्यात आला. निकाल देताना लॉर्ड ॲबिंजर यांनी उदाहरणे घेतली ती घरातील नोकरांची : असा दावा मान्य केला, तर दासीने ओलसर बिछाना घातला किंवा आचाऱ्याने भांडी नीट घासली नाहीत, तरी धन्याला इतर नोकरांस भरपाई द्यावी लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. यातूनच सहकाऱ्याच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही, हे तत्त्व रूढ झाले. मॅसॅचूसेट्सच्या न्यायालयाने १८४२ मध्ये एका रेल्वे-कामगाराच्या खटल्यात ते उचलून धरले. कामगाराने धोका पत्करलेलाच असतो आणि त्याचा स्वतःचा थोडाही निष्काळजीपणा दाव्यास बाधक ठरतो, हे मालकाचे आणखी दोन बचाव होते.

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूस सारला. ब्रिटनमध्ये १८८० च्या मालक-दायित्व अधिनियमातून घरगुती नोकर वगळलेले होते. १८९७ चा नुकसानभरपाई अधिनियमही रेल्वे, कारखाने, खाणी यांसारख्या धोक्याच्या उद्योगांपुरताच होता. १९०६ च्या अधिनियमाने मात्र घरगुती नोकरांना भरपाईचा हक्क दिला. त्यामुळे सामान्य गृहस्थही कायद्याच्या दृष्टीने मालक ठरला व विमा कंपन्या घरगुती नोकरांसाठी विमापत्रे देऊ लागल्या.

अ. सं. सं. मधील वाटचाल : न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये केलेला सक्तीच्या भरपाईचा कायदा तेथील अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरविला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातील ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले व लोकमत क्षुब्ध झाले. राज्यघटनेत दुरुस्ती करून नवा कायदा करण्यात आला आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. विस्कॉन्सिनचा कायदा १९११ मध्येच अंमलात आला होता. मिसिसिपीने १९४८ मध्ये, सर्वांत शेवटी, असा कायदा केला.

या कायद्यांमागे एक देवघेव आहे. कामगाराला मालकाचा दोष सिद्ध न करता ठराविक भरपाई मिळते. त्याच्या बदल्यात मालकावर दिवाणी दावा लावण्याचा हक्क त्याला सामान्यतः सोडावा लागतो. बहुतेक राज्यांनी मात्र शेतमजूर व घरगुती नोकर यांना या व्यवस्थेबाहेर ठेवले. घर हे नफ्यासाठी चालविले जात नाही, त्यामुळे भरपाईचा भार मालाच्या किंमतीत मिळविता येत नाही, असे कारण सांगितले जाई. प्रत्यक्षात या वगळणुकीचा फटका प्रामुख्याने स्त्रियांना, दक्षिणेकडील राज्यांत विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांना, बसला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमातूनही हे दोन्ही वर्ग वगळलेले होते. नियमित घरगुती नोकरांचा त्यात समावेश १९५० च्या दुरुस्तीने झाला. राज्यांच्या भरपाई कायद्यांची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने १९७२ मध्ये घरगुती कामगारांनाही संरक्षण द्यावे, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात १९७७ पासून गृहविमापत्रातच अशा कामगारांच्या भरपाईची तरतूद सक्तीची झाली. तथापि सर्व राज्यांत एकसूत्रता आली नाही. उदा., न्यूयॉर्कमध्ये एकाच मालकाकडे आठवड्यास किमान ४० तास काम करणाऱ्या घरगुती कामगारासाठीच विमा सक्तीचा आहे.

व्यवसायसंस्थांचा उदय व विम्याचे स्वरूप : गृहस्वच्छतेचे काम संघटित व्यवसायसंस्थांकडे जाऊ लागल्यावर चित्र पालटले. १९७९ मध्ये नेब्रॅस्कातील ओमाहा येथे 'मेरी मेड्स' ही संस्था निघाली व अशा संस्थांचा पुढे मोठा प्रसार झाला. त्यांतील स्त्री-पुरुष गृहस्थाचे नोकर नसून व्यवसायाचे कामगार असल्याने, घरगुती नोकरांना वगळणारे कलम त्यांना सामान्यतः लागू होत नाही. ज्या कामाला एका घरी संरक्षण नाही, तेच काम संस्थेमार्फत केल्यास संरक्षणास पात्र ठरते.

या कामातील धोके नेहमीचे असले, तरी क्षुल्लक नाहीत : ओल्या फरशीवरून घसरणे, शिडीवरून वा जिन्यावरून पडणे, जड सामान हलविताना पाठ दुखावणे, त्याच त्या हालचालींनी खांदे व मनगटे निकामी होणे, क्लोरीनयुक्त विरंजक आणि अमोनिया एकत्र आल्याने विषारी वायू निर्माण होणे इत्यादी. विम्याचा हप्ता वेतनखर्चाच्या दर शंभर डॉलरमागे ठरतो. उदा., दर ५ डॉलर व वार्षिक वेतनखर्च ८०,००० डॉलर धरल्यास मूळ हप्ता ४,००० डॉलर होतो. कामाच्या धोक्यानुसार व्यवसायांचे वर्ग पाडलेले असतात. पुरेशा मोठ्या संस्थेच्या बाबतीत तिच्या पूर्वीच्या अपघातांनुसार हप्ता वाढतो वा घटतो. त्यामुळे सुरक्षिततेची काळजी घेणे मालकाच्याही हिताचे ठरते. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा व वायोमिंग या राज्यांत हा विमा खाजगी कंपन्या विकू शकत नाहीत; टेक्ससमध्ये बहुतेक खाजगी मालकांना तो ऐच्छिक आहे.

पळवाटाही आहेत. जॉर्जियात तीनपेक्षा व ॲलाबॅमात पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकांना सामान्यतः सूट असल्याने अनेक लहान संस्था कायद्याबाहेर राहतात. काही मालक कामगारांची नोंद 'स्वतंत्र कंत्राटदार' अशी करून हप्ता टाळतात. मग मोडलेल्या हाडाचा खर्च कामगारावरच पडतो. या प्रथेस आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला. त्यानुसार कामगार खरोखर स्वतंत्र आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आली.

भारत : १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात मालकाच्या व्यापारधंद्याशी संबंध नसलेले नैमित्तिक काम करणारी व्यक्ती कामगार मानली जात नसे, हा अपवाद २००० च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापण्याचा कायदा केला. तथापि कल्याणनिधीतून मिळणारे साहाय्य आणि मालकाकडून मिळणारी हक्काची भरपाई या भिन्न बाबी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये संमत केलेल्या १८९ क्रमांकाच्या संकेताने घरकामगारांच्या सुरक्षिततेचा व सामाजिक सुरक्षेचा हक्क मान्य केला. अपघाताचा भार ज्याच्यासाठी काम केले जाते त्याने उचलावा, हे तत्त्व कारखान्यांच्या बाबतीत शतकापूर्वीच मान्य झाले. घरकामाच्या बाबतीत मात्र काम देणारा कोण, या प्रश्नाच्या उत्तरावरच कामगाराचे संरक्षण आजही बव्हंशी अवलंबून आहे.