नदीकाठचे लोखंड

गव्हावर तांबेरा दिसू लागला की शेतकऱ्याची झोप उडते. परंतु त्याच शेतकऱ्याच्या परड्यात पडलेल्या लोखंडावर तसाच रंग चढू लागला, तर त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. गव्हाचा तांबेरा एका हंगामाचे पीक नेतो. लोखंडाचा गंज सावकाश खातो, आणि त्याने काय नेले हे बहुधा संकटाच्या घटकेलाच कळते. कृष्णाकाठी तर या गंजाचे एक विशेष भक्ष्य आहे. ते म्हणजे होडी वाहून नेण्याचा लोखंडी गाडा. वर्षातले अकरा महिने तो कोठेतरी आडोशाला उभा असतो. बाराव्या महिन्यात जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडून, पाणी चढण्याच्या आत, होडीसह तो नदीवर पोचवावा लागतो. त्या दिवशी त्याचा कणा मोडला, तर होडी कितीही उत्तम असली तरी ती रस्त्यावरच राहते.

पूर्वी सातारा आणि सांगली या मुलखात असा गाडा कोणास ठाऊक नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेला माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि हरिपुरास वारणा मिळते. या साऱ्या वाटेवर ठिकठिकाणी उतार होते आणि उतार नसेल तेथे तर होती. नावाड्याची नाव जन्मभर एकाच घाटावर असे. नाव नसेल तेथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधीत. आणि पूर अवचित आला म्हणजे गूळ शिजविण्याची काहील पाण्यात लोटून तीत माणसे बसत. पसरट बुडाची ती लोखंडी कढई नाव म्हणून अगदीच गैरसोयीची; ती पाण्यावर गरगर फिरते. तरी तिने कित्येकांचे प्राण वाचविले आहेत. तिचा एक गुण मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गुऱ्हाळात दर हंगामी ती घासली जाते, रस आणि मळी यांच्या संगतीने तापते, आणि त्यामुळे तिला गंजण्यास सवड मिळत नाही.

नावा गाड्यावर घालून रस्त्याने नेण्याचा प्रश्न या बाजूस प्रथम पडला तो फौजांना. इ. स. १८०३ च्या मार्च महिन्यात आर्थर वेलस्ली याने सांगलीच्या खाली, येडूरच्या बाजूस, कृष्णा ओलांडली आणि तो पुण्याकडे निघाला. तेव्हा नदी उतरलेली होती. पुढे पावसाळ्यात नद्या कशा ओलांडावयाच्या, या काळजीने त्याने मुंबई सरकारकडे पुलाच्या नावा मागितल्या. नावा निघाल्या, परंतु त्यांचे गाडे कच्चे होते. पावसाच्या चिखलात ते मोडले आणि त्या नावा फौजेस वेळेवर उपयोगी पडल्या नाहीत. शेवटी चामड्याने मढविलेल्या बांबूच्या गोल टोपल्यांवर काम भागवावे लागले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापतीस दख्खनच्या चिखलाने हा धडा दिला, आणि तो नावेविषयी नसून गाड्याविषयी होता.

मराठ्यांना नावांच्या गाड्यांचे कारण पडले नसेल, परंतु तोफांच्या गाड्यांचे पडले होते, आणि पावसाळ्यातले लोखंड कसे राखावे हे त्यांनी लिहून ठेविले आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. राज्यनीतीच्या या ग्रंथात, गडावरील तोफांना व दरवाजांना पर्जन्यकाळी तेल आणि मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावे, वर आच्छादन घालावे, अशी बारीकसारीक ताकीद आहे. ज्या हातांनी राज्याचे सात अंगांनी विवेचन केले, त्याच हातांना तोफेच्या कान्यातले पाणीही क्षुल्लक वाटले नाही. तेल-मेणाचे काम एकच, लोखंड आणि ओल यांची गाठ पडू न देणे. आजचा रंगही याहून वेगळे काही करीत नाही.

खंडेनवमीचा सण याच व्यवहारातून आलेला दिसतो. चार महिने छावणीत पडलेली शस्त्रे घासून-पुसून पुजावयाची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करावयाचे, हा क्रम मोहिमेच्या सोयीचा होता. आजही कारागीर आपली हत्यारे त्या दिवशी स्वच्छ करितो. होडीच्या गाड्यास मात्र ही तिथी उपयोगाची नाही. त्याची मोहीम पावसाळ्यातच असते. तेव्हा त्याची खंडेनवमी दसऱ्यापूर्वी नव्हे, मृगापूर्वी आली पाहिजे. पंचांगात तशी तिथी नाही, आणि नेमके येथेच हे काम विसरले जाते.

लोखंड या मुलखात घरोघर आले ते नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी लोखंडी नांगर करावयास आरंभ केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडेसे नांगर खपावयास दोन वर्षे लागली. इ. स. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडांवरच्या जुन्या तोफा त्यांस दिल्या. ज्या लोखंडाला अमात्यांनी तेल-मेण देवविले, त्यातले काही अशा रीतीने कृष्णेच्या खोऱ्यात नांगर होऊन शिरले असेल, हा तर्क मनोरंजक आहे. काहिलीप्रमाणे नांगराच्या फाळालाही एक भाग्य लाभले आहे. मातीत चालता चालता तो आपोआप घासला जातो व चकाकतो. निजलेल्या लोखंडालाच गंज अधिक खातो, आणि होडीचा गाडा हे तर वर्षभर निजलेले लोखंड.

इ. स. १९२९ मध्ये सांगलीस आयर्विन पूल झाला आणि तेथल्या नावेचे महत्त्व ओसरले. पुढे उलट घडले ते साताऱ्याच्या डोंगरात. कोयनेचे धरण १९६४ मध्ये पुरे झाले, शिवसागर जलाशय पसरला, आणि जेथे पूर्वी माणसे पायी ओढे ओलांडीत, त्या बामणोली-तापोळ्याच्या भागात लाँच आणि तराफा ही नित्याची वाहने झाली. एका ठिकाणी पुलाने नाव घालविली, दुसऱ्या ठिकाणी धरणाने ती आणली. सांगलीकडे नाव उरली ती शर्यतींपुरती आणि पुरापुरती. परंतु पूर गेला नाही. २००५ मध्ये तो आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महिन्याच्या ८ तारखेस पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि सतरा जीव गेले. त्या अपघाताचे कारण गंज नव्हे. तथापि एका होडीत इतकी माणसे का चढतात, याचा विचार केला म्हणजे दुसरी होडी वेळेवर जवळ असणे किती मोलाचे, हे निराळे सांगावे लागत नाही. आणि ती दुसरी होडी येते रस्त्याने, गाड्यावरून.

आता या गाड्याचे रोगनिदान. कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही, आणि ज्यातली हवा काढून घेतली आहे अशा पाण्यातही सहसा गंजत नाही. हवा व पाणी दोन्ही एकत्र लागतात. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली एक ठिपका धरला की तो वरचा रंग उचलून फोड आणतो, फोडात पाणी साचते आणि रोग पसरतो. याकरिता गंजावरच नवा रंग फासणे यासारखी फसवणूक नाही. गाडा दोन वर्षे नवा दिसतो आणि तिसऱ्या वर्षी पुरात मोडतो.

पहिले काम चाके काढून गाडा ठोकळ्यांवर घेणे आणि कानाकोपऱ्यातला गाळ धुणे. पुराचा गाळ महिनोन् महिने ओल धरून ठेवितो. मग कुंभाराकडून मडके वाजवून घेतात, तसा सारा सांगाडा हातोडीने वाजवावा. खणखणीत बोलेल ते लोखंड जिवंत; बद्द बोलेल तेथे आतून पोखरले आहे. असा भाग घासत बसू नये, कापून काढावा आणि नवा तुकडा जोडावा. पोकळ नळ्यांचा गाडा असेल तर अधिक सावध राहावे, कारण नळीच्या पोटात शिरलेले पाणी बाहेरच्या झगझगीत रंगाआड आपले काम करीत राहते. पाणी निथळण्यास नळीच्या सर्वांत खालच्या अंगाला भोक हवे, आणि असलेले भोक गाळाने बुजलेले नसावे.

यानंतर छिन्नीने पापुद्रे पाडणे, तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने घासणे. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु रंगाचे आयुष्य ठरते ते येथेच. लोखंड उजळले की तेलकटपणा थिनरने पुसून त्याच दिवशी प्राइमरचा हात द्यावा; उघडे लोखंड दमट हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. कडा, सांधे आणि नटांच्या भोवती रंग पातळ बसतो, म्हणून तेथे आधी कुंचल्याने एक जादा हात मारावा. वरचे दोन हात किंचित निरनिराळ्या छटांचे घेतले, तर सुटलेली जागा आपोआप दिसते. हे सारे वैशाखात, सकाळच्या पारी करावे. दुपारच्या तापलेल्या लोखंडावर रंग नीट धरत नाही, आणि मृग लागल्यावर तो वाळत नाही.

या प्राइमरच्या इतिहासात एक गंमत आहे. गेल्या शतकात पुलांना आणि जहाजांना जो तांबडा-नारिंगी पहिला हात देत, तो जवसाच्या तेलात खललेला शेंदूरच होता. गावोगावच्या मारुतीला चढतो तोच, शिशापासून झालेला. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि शिशाच्या संयोगाने लोखंडावर गंजाला अटकाव करणारा थर धरिते. शेंदराचे थर साचत गेले म्हणजे काय होते, हे २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीने दाखविले. देवीच्या मूर्तीवरून हजार किलोहून अधिक शेंदूर उतरविला, तेव्हा खालचे मूळ रूप दिसले. पण शिसे विषारी आहे. घरगुती रंगांतील त्याचे प्रमाण भारतात २०१६ च्या नियमांनी जवळजवळ नाहीसे करण्यात आले, आणि प्राइमरसाठी रेड ऑक्साइड व जस्ताचे रंग आज सहज मिळतात. मात्र जुना गाडा खरवडताना खालचा थर नारिंगी निघाला, तर तो कोरडा घासू नये. ओला करून, नाका-तोंडाला मुखपट्टी बांधून काढावा, आणि त्याचा चुरा पोराबाळांच्या वा गुरांच्या वाटेत पडू देऊ नये.

चाकांचे काम रंगाऱ्याचे नव्हे, परंतु ते राहिले तर रंग व्यर्थ. धावून गरम झालेला तुंबा थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या वर्षी बेअरिंग गंजून जाम होते. म्हणून जुने ग्रीस पुसून नवे भरावे आणि पाण्यातून आलेला गाडा तसाच उभा करू नये. पावसाळा संपला की चाकांवरचा भार ठोकळ्यांवर घ्यावा, म्हणजे टायर एकाच जागी दबून चिरत नाहीत.

मग मृगाच्या आठवडाभर आधी, उजाडता उजाडता, गाडा ट्रॅक्टरला जोडून होडीसह घाटापर्यंत एकदा नेऊन आणावा. परत आल्यावर दोन्ही तुंब्यांवर हात ठेवावा. एक दुसऱ्याहून अधिक तापला असेल, तर ते चाक त्याच दिवशी पुन्हा उघडावे.