क्रोमवर रंग का बसत नाही?

मोटारसायकलीच्या चाकाची क्रोमची रिम जुनी होऊन तिच्यावर गंजाचे ठिपके उठले, की पुष्कळांना एक सोपा उपाय सुचतो : वरून काळा रंग मारून टाकावा. काही दिवस चाक झकास दिसते. मग एखादा खडा उडतो किंवा टायर बदलताना ओरखडा उमटतो आणि तिथून रंगाचा पापुद्रा नखाने सोलावा तसा निघू लागतो. तोच रंग मडगार्डाच्या पत्र्यावर मात्र वर्षानुवर्षे टिकतो. दोष बहुधा रंगवणाऱ्याला दिला जातो. आमच्या मते तो रंगवणाऱ्याचाही नाही आणि रंगाचाही नाही. ज्या गुणासाठी क्रोम चाकावर आले, तोच गुण इथे आड येतो. हा गुण माणसाच्या हाती कसा लागला, हे पाहण्यासारखे आहे.

उरल पर्वतातील बेरेझोव्स्क येथील खाणींत तांबड्या-नारिंगी रंगाचे शिशाचे एक खनिज सापडे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते युरोपभर कुतूहलाचा विषय झाले होते. 1797 साली पॅरिसमध्ये निकोला लुई व्होक्लँ याने त्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले आणि पुढच्या वर्षी त्याचे ऑक्साइड कोळशाबरोबर तापवून धातू मिळवला. या मूलद्रव्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी अशी नाना रंगांची, म्हणून ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. पाचूची हिरवाई आणि माणकाची लाली यांच्या मुळाशी हेच मूलद्रव्य आहे. ज्याचे नावच रंगावरून पडले त्याने रंगाला जवळ येऊ देऊ नये, हा योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे.

विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा थर बसवण्याचा प्रयोग बुन्सेनने 1854 साली केला होता. ज्याच्या नावाचा बर्नर आपल्या प्रयोगशाळेत असतो तोच हा बुन्सेन. पण कारखान्यात भरवशाने वापरता येईल अशी रीत हाती यायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक याने 1920च्या दशकात दाखवले, की क्रोमिक आम्लाच्या द्रावणात सल्फेटचे प्रमाण वजनाने साधारण शंभरास एक असे काटेकोर राखले तरच चकचकीत थर मिळतो. सल्फेट कमी पडले किंवा जास्त झाले, तरी काम बिघडते. तोवर सायकली व मोटारसायकली यांच्यावर निकेलचा मुलामा असे. तो हवेत काळवंडे आणि सारखा घासावा लागे. क्रोमला घासायची गरज नव्हती. 1930च्या सुमारास मोटारसायकलींच्या टाक्या आणि रिमा क्रोमने चमकू लागल्या.

खरे तर चाकावर क्रोमचा थर फार पातळ असतो, बहुधा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. पोलादाला गंजापासून वाचवण्याचे मुख्य काम त्याखालचा निकेलचा जाड थर करतो. पण क्रोमियमचा हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचे काही नॅनोमीटर जाडीचे पटल तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा भरून येते. पाणी, घाम, सौम्य आम्ले यांच्याशी ते जवळजवळ काहीच देणेघेणे ठेवत नाही, आणि रंगातील राळेशीही नाही. त्यात पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, त्यामुळे रंगाला पकड घ्यायला खाचाही मिळत नाहीत. इथे कल्हईवाल्याची आठवण व्हावी. तापलेल्या भांड्यावर नवसागर फिरवून तो तांब्याचे ऑक्साइड घालवतो, तेव्हा कुठे कथील धरते. क्रोमचे पटल मात्र घालवले तरी लगेच परत येते.

असे असूनही क्रोमवर रंग देण्याची हौस जुनीच आहे. 1937 साली आलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विन या गाडीच्या क्रोमच्या रिमांवर मधोमध लाल पट्टा आणि त्याला सोनेरी रेघ असे. आजही जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीर असा पट्टा देण्यापूर्वी तेवढ्या जागेची चकाकी पॉलिश पेपरने मारतात. मग युद्ध आले. लष्करासाठी सव्वा लाखाहून अधिक बीएसए एम-20 गाड्या तयार झाल्या. त्यांवर मंद खाकी-हिरवा रंग असे. चकाकी शत्रूला दिसते हे एक कारण, आणि निकेल व क्रोमियम शस्त्रास्त्रांच्या पोलादासाठी हवे होते हे दुसरे. कोरियाच्या युद्धात (1950-53) निकेलची पुन्हा टंचाई झाली. अमेरिकेत मोटारींच्या बंपरांवर पुरेसे निकेल न वापरता पातळ क्रोम चढवून वर पारदर्शक लॅकर देण्यात आले. ते फार काळ टिकले नाही. लॅकर गेले की खालून गंज वर येई.

पकडीचा प्रश्न सोडवण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका प्रायमरचा मोठा वाटा आहे. त्यात फॉस्फोरिक आम्ल, एक राळ आणि झिंक क्रोमेट असे. म्हणजे धातूवर रंग धरवण्यासाठी क्रोमियमचेच संयुग मदतीला आले! चाकाच्या बाबतीत मात्र खडबडीत करणे चुकत नाही, आणि जिथे गंज आहे तिथे पोलाद उघडे होईपर्यंत घासावे लागते. गंजावर दिलेला रंग फोड येऊन निघतोच. दुसरा मार्ग मुलामा उतरवण्याचा. रिम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धनाग्र म्हणून ठेवून वीज सोडली, की क्रोमियम विरघळते, निकेल व पोलाद तसेच राहतात आणि द्रावण पिवळे होत जाते.

हा पिवळेपणा क्रोमेटचा, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचा आहे. इथे आम्हाला थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपले काही विद्यार्थी उद्या याच कामात जाणार आहेत. क्रोमेटच्या संपर्काने त्वचेवर पडणाऱ्या जखमांची नोंद ग्लासगोच्या विल्यम कमिन या डॉक्टरने 1827 सालीच केली होती. मुलाम्याच्या टाकीत बहुतेक वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होते. ते फुटले की क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात, आणि कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडतात. इंग्लंडमध्ये 1931 साली या कारखान्यांसाठी वेगळे नियम झाले. तुषार ओढून घेणारी यंत्रणा आणि नियमित वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. षट्संयुजी क्रोमियमने माणसाला कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 साली निःसंदिग्धपणे नोंदवले. गल्लीतल्या छोट्या कारखान्यात पंखा नसेल आणि पिवळे पाणी गटारात जात असेल, तर चाकाच्या चकाकीची किंमत गाडीचा मालक सोडून दुसराच कोणी देत असतो.

त्रिसंयुजी क्रोमियमची बरीच कमी घातक द्रावणे 1970च्या दशकापासून बाजारात आहेत. त्यांनी दिलेल्या थराची छटा किंचित गडद असते, एवढाच फरक डोळ्याला जाणवतो. ऑक्साइडचे पटल त्यावरही येते, त्यामुळे रंग देण्याआधी पॉलिश पेपर तिथेही लागतो.